लॉटर म्हटलं तर काय बिघडलं?

आज 15 ऑक्टोबर. कलाम साहेबांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. गावातलं वाचनालय मी सांभाळते म्हणून एका शाळेच्या कार्यक्रमाला मलाही बोलावणं होतं. शाळेचं नाव लिहीत नाही, पाहुण्यांचंही नाही. पण झालं ते लिहिल्याशिवाय आज मला झोप लागणार नाही.

पाचवीतली एक पोरगी वाचायला उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी. पुस्तकाची कड अंगठ्याने इतकी घट्ट धरलेली की नख पांढरं पडलं होतं. इंग्रजी उतारा होता. आणि चांगलं वाचत होती हो! जिच्या घरी इंग्रजीचं एक वाक्य कोणी बोलत नाही, त्या पोरीने अर्धं पान न अडखळता पार केलं. मग एक शब्द आला. एल, ए, यू, जी, एच, टी, ई, आर. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "लॉटर."

पाहुणे हसले. मग त्यांच्या शेजारचे हसले, मग बाई, मग पोरं. "अगं लाफ्टर, लाफ्टर! लाफ्टर म्हणजे हसणं!" असं म्हणून पाहुणे पुन्हा हसले. खर्र्याने लाल झालेले सगळे दात दिसले. पोरगी पुस्तकात बोट ठेवून तशीच उभी. पुढे वाचायचं की खाली बसायचं, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

दुपारपर्यंत त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. खाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे पिवळे चेहरे, रांगेने. मी मोजले. 27.

मला हे इतकं का लागलं, ते जुन्या मैत्रिणींना माहीत आहे. बाकीच्यांना सांगते. 1991 साल, मी सहावीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे मला जेमतेम दीड वर्ष झालेलं. आदल्याच आठवड्यात सरांनी डॉटर शिकवला होता. डी, ए, यू, जी, एच, टी, ई, आर. डॉटर म्हणजे मुलगी. तो मी दहादा लिहून पाठ केला होता. पुढल्या धड्यात तसाच शब्द दिसला, फक्त पहिलं अक्षर वेगळं. मी वाचलं, लॉटर. सर खुर्चीत मागे रेलून हसले आणि म्हणाले, "लागली का गं लॉटरी?"

झालं. त्या दिवसापासून माझं नाव लॉटरी. दारव्ह्याच्या बस स्टँडवर तेव्हा लॉटरीचं दुकान होतं. आमची एसटी तिथे थांबली की मागच्या सीटवरून पोट्टे ओरडायचे, "लॉटरी, उतर, तुयं दुकान आलं!" दोन वर्षं हे चाललं. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी हात वर केला नाही. दहावीपर्यंत नाही. उत्तर येत असलं तरी नाही.

आता मला सांगा, चूक कोणाची होती? डॉटर, टॉट, कॉट, नॉटी. ए-यू-जी-एच आला की ऑ म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? त्याच शब्दापुढे एक एस लावा, लगेच स्लॉटर होतो. स्लॉटर म्हणजे कत्तल, बकरा कापतात ते. तिथेही ऑ. मग एस काढला की त्याचा लाफ्टर कसा होतो? ज्या पोरीने नियम ध्यानात ठेवून नवा शब्द स्वतःच्या डोक्याने वाचला, तिला शाबासकी द्यायची की दात दाखवायचे?

वाचनालयात बसून बसून मला कोश चाळायची सवय लागली. सहावीतल्या त्या तासाचा हिशोब मला चुकता करायचा होता, असंच समजा. जुन्या इंग्रजीत लाफ्टर आणि डॉटर या दोन्ही शब्दांत आपल्या खसारखा घशातला आवाज होता, तोच हा जीएच. जर्मन लोकांनी तो अजून ठेवलाय. हसणं म्हणजे लाखेन, मुलगी म्हणजे टोख्टर. फारसीत मुलीला दुख्तर म्हणतात. आपल्या संस्कृतात ती दुहिता. ही सगळी एकाच घराण्यातली नावं. पुढे इंग्रजांच्या घशातून तो ख गेला. लाफ्टरमध्ये त्याचा फ झाला, डॉटरमध्ये तो नुसताच गिळला गेला. 1476 साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला, छापून छापून स्पेलिंग थिजत गेलं आणि उच्चार मात्र पुढे चालत राहिला. म्हणजे गोंधळ त्यांच्या घशाने आणि छापखान्याने केला, आणि त्याचं हसं आमच्या पोरींचं!

हसं. हा शब्द लिहिला आणि थांबले. आपल्याकडे हसू वेगळं, हशा वेगळा आणि हसं वेगळं. हसू आपलं स्वतःचं, ओठावर येतं. हशा दहा जणांचा, सभेत पिकतो. आणि हसं दुसऱ्यांनी आपलं केलेलं असतं. इंग्रजीचा लाफ्टर या तिन्हीला एकच. गिगल म्हणजे खिदळणं, चकल म्हणजे मनाशी हसणं, स्निगर म्हणजे तोंड दाबून दुसऱ्याला हसणं, असे बारके शब्द त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. स्माइल तर आपल्या स्मिताचाच चुलतभाऊ, दोघांचा धातू एक. पण लाफ्टर म्हटलं की कोणी मायेने हसलं की कोणाला घायाळ करून हसलं, ते कळायला मार्ग नाही. पाहुणे म्हणाले, लाफ्टर म्हणजे हसणं. पोरगी मात्र आज शिकली, लाफ्टर म्हणजे हसं. तिला तो शब्द आता जन्मभर विसरता यायचा नाही. मी विसरले का?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याचे 6 प्रकार सांगितलेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तमांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत, असंही तिथे लिहिलंय. सहावीत मी रडत घरी आले तेव्हा माझ्या बाबांनी हेच सांगितलं होतं. त्यांनी नाट्यशास्त्राचं नावही ऐकलं नसेल. वखर टेकवून ठेवत म्हणाले होते, "हसतीन त्याईचे दात दिसतीन. तू वाचत राय व माय."

उच्चार दुरुस्त करायला हवा, मान्य. उद्या तिला मुलाखतीला जायचंय, तिथे लॉटर चालणार नाही. पण दुरुस्ती कानात हळूच सांगूनही होते. पाहुण्यांनी 50 वह्या वाटल्या, माणूस मनाने वाईट नसेल, तेही मान्य. आणि मराठीतही चार आणि चोर यांतला च एक नाही, परक्याला तोही छळत असणार. पण कोणी परका चोर म्हणताना अडखळला तर आपण त्याचा व्हिडिओ करतो का? उलट कौतुक करतो, बघा कसा मराठी बोलायला शिकतोय! मग आपल्याच पोरीवर हा राग कशाचा?

अजून एक सांगते. लुईस कॅरल नावाच्या इंग्रज लेखकाने 1871 साली चॉर्टल असा एक हसण्याचा शब्द स्वतःच्या मनाने रचला. तो आज इंग्रजी कोशात आहे. मोठ्या माणसाने नसलेला शब्द केला तर कोशात जागा. आमच्या पोरीने असलेला शब्द जरा वेगळा वाचला तर ग्रुपवर 27 चेहरे. आणि तो डोळ्यांत पाणी आणून हसणारा चेहरासुद्धा ऑक्सफर्डवाल्यांनी 2015 साली वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. शब्द! त्याचा अर्थ काय, ते मला आज संध्याकाळी कळलं.

तिची आई सोंगणीवरून परत येत होती. सोयाबीनची धूळ केसांत, विळा पिशवीत गुंडाळलेला. दिवाळी तोंडावर आहे, रोज कोण बुडवतं? म्हणून ती कार्यक्रमाला आली नव्हती. वाचनालयाशी थांबली. बायांपैकी कोणीतरी मोबाईलवर तिला व्हिडिओ दाखवला होता, आवाज बंद करून. मला म्हणाली, "ताई, पोरीच्या व्हिडिओखाली लय हासरे चेहरे आले जी. चांगलंच वाचलं असन न तिनं?"

मी हो म्हटलं.

काय करणार होते मी? आणि खोटं तरी कुठे होतं? चांगलंच वाचलं होतं तिने. ती माऊली इतकी खूश होऊन गेली की आत्ता टाइप करतानाही मला भरून येतंय. चढलेला रागही थोडा उतरला. सकाळी वाटलं होतं, पाहुण्यांच्या दारात जाऊन भांडावं. आता नाही वाटत तसं.

दिवे लागल्यावर पोरगी स्वतःच आली, वही घेऊन. कार्यक्रमाचं काही बोलली नाही. मी मोठा कोश काढला. तिने एकाखाली एक लिहिलं, डॉटर, नॉटी, टॉट, कॉट, स्लॉटर. शेवटी लाफ्टर. मग पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, "मावशी, मंग हासण्याचंच येगळं काऊन?" मी तिला घशातला ख सांगितला, तो फ कसा झाला तेही सांगितलं. तिने घसा खरवडून दोनतीनदा ख म्हणून बघितलं. लाख्टर. डोख्टर. तिसऱ्यांदा तिचं तिलाच खुदकन हसू आलं, आणि वाचनालयात बसलेले दोन म्हातारे पेपर खाली करून बघायला लागले.

मग मी तिला माझं लॉटरीचं सांगितलं. घरच्यांखेरीज आजवर कोणाला इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. "मंग तुमी पुन्हा हात नाई वर केला?" एवढंच विचारलं. नाही, म्हटलं. ती वहीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी करन."

आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे, चेहरे 27चे 34 झालेत. ग्रुपचा अॅडमिन ही पोस्ट वाचतो, मला ठाऊक आहे. दादा, तुमचीही मुलगी पाचवीतच आहे. काढून टाका तो. सकाळच्या शाळेआधी काढा.