गेमिंग हाऊसमध्ये राहायला निघालेल्या होतकरू खेळाडूस हिताच्या काही सूचना

तुमच्या अंगठ्यात विलक्षण चपळाई आहे, हे तुम्हाला स्वतःला, तुमच्या तीन मित्रांना आणि तालुक्याला मोबाईलची काच बदलून देणाऱ्या दुकानदाराला मान्य झाले असेल, तर आता गावातल्या पारावर बसून ती वाया घालवण्यात काहीच अर्थ नाही. दिवाळीत सोयाबीनचे पैसे घरात आले की चौघांनी मिळून यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन, तेथे एकत्र राहून बीजीएमआय (म्हणजे पबजी या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळाचा भारतीय अवतार) खेळण्याचे गेमिंग हाऊस थाटावे, दारावर कवटीचे चित्र असलेला फ्लेक्स लावावा आणि भिंतीवर रंगीत एलईडीच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले तुम्हाला पाहून हसतील, त्यांना खुशाल हसू द्यावे. त्यांच्याकडे काही हजार जागांना लाखो अर्ज येतात आणि तो आकडा दरवेळी वर्तमानपत्रात छापून येतो. तुमच्या क्षेत्रात जागा किती आहेत हे कोणी जाहीरच करत नसल्यामुळे निराश होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

वडिलांना पटवण्याचे अर्धे काम सरकारनेच करून ठेवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला (म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेम्सना) बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानून क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले, हे वाक्य पाठ करून ठेवावे आणि रात्री भाकरीचे दोन घास पोटात गेल्यावर म्हणून दाखवावे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवले होते, तेही सांगावे. तो प्रकार तेव्हा केवळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवलेला होता, एवढा तपशील गाळावा. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सला खरीखुरी पदके होती हे ठासून सांगावे, आणि आपला चमू त्यांतले एकही न घेता परतला हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नये. इतके ऐकून बहुतेक वडील गप्प होतात. एखादे वडील मात्र हात धुता धुता, "याले हमीभाव आहे का?" एवढेच विचारतात. अशा वेळी विषय बदलून आईकडे पाहावे.

खेळाडूंनी एकाच घरात राहून सराव करण्याची ही रीत दक्षिण कोरियात रुजली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे तासावर संगणक देणारी पीसी बँग नावाची दुकाने गल्लोगल्ली निघाली, १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट हा खेळ आला, त्यातून व्यावसायिक संघ उभे राहिले आणि त्या संघांनी आपल्या खेळाडूंना एका छताखाली ठेवून दिवसाला दहा-बारा तास सराव करायला लावला. त्या घरांमागे मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा होता आणि पुढे प्रशिक्षक होते. अलीकडे तेथील अनेक संघांनी राहण्याची जागा आणि सरावाची जागा वेगळी केली आहे. याचा अर्थ उघड आहे, की ही पद्धत आपल्या तालुक्यात येण्याची वेळ आता भरली आहे. पैसा आणि प्रशिक्षक यांचे तेवढे मागाहून पाहता येईल.

घर शक्यतो शकुंतला रेल्वेच्या रुळांजवळ घ्यावे. गाडी बंद पडलेली असल्यामुळे सरावात आवाजाचा व्यत्यय येत नाही. घरमालक वरच्याच मजल्यावर राहणारा असावा, कारण वायफायचे कनेक्शन त्याच्या नावावर असते आणि इन्व्हर्टरही त्याचाच असतो. तो इन्व्हर्टर मालकाच्या फ्रिजला आणि देवघरातील दिव्याला जोडलेला असतो, तुमच्या राउटरला नव्हे, ही गोष्ट पहिल्या स्पर्धेच्या रात्री कळते. वीज गेली तरी तुमचे चारही फोन व्यवस्थित चालू राहतात, फक्त नेट जाते. खेळातल्या पोचिंकी गावच्या मैदानात तुमचे चार शिपाई बुजगावण्यांसारखे उभे राहतात आणि कुठल्याशा शहरातील फायबर लाइनवरचा मुलगा त्यांना एकेक करून, अगदी निवांतपणे, टिपून काढतो. हा अनुभव फुकट मिळतो, त्याची तक्रार करू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. रस्त्याचे काम आणि तुमची पात्रता फेरी यांचा मुहूर्त नेहमी एकच निघतो आणि जेसीबीला जमिनीखालची केबल बरोबर सापडते.

उन्हाळ्याची धास्ती घेऊ नये. ॲपल कंपनी आपला फोन शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते, म्हणजे कंपनीच्या मते आपण होळीपासून मृग लागेपर्यंत फोन कपाटात ठेवायला हवा. पंचेचाळीस अंशांत फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, पडद्यावरचे चित्र अडखळू लागते आणि शत्रू एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत मधली भिंत न ओलांडताच पोहोचतो. यावर उपाय म्हणजे वाळ्याचा कूलर. तो कोणाच्या तोंडावर लावायचा यावरून संघात पहिले भांडण होते आणि शेवटी तो फोनच्या दिशेने लावला जातो. त्याच्या दमट हवेने बोटे काचेवर घसरू लागली, की बोटांवर चढवायचे छोटे मोजे मागवावे लागतात. कूलरच्या टाकीत पाणी भरायची पाळी प्रत्येकाची असते, म्हणजेच ती पाचव्या खेळाडूची असते.

या पाचव्या खेळाडूविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गेमिंग हाऊस खरे तर त्याच्यावर चालते. मैदानात चौघेच उतरतात. एक आयजीएल, म्हणजे मैदानातला म्होरक्या, असतो, जो कुठे उतरायचे आणि झोनमध्ये (म्हणजे खेळात आवळत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात) कोणत्या बाजूने शिरायचे हे ओरडून सांगतो, एक-दोन असॉल्टर असतात, जे त्याचे न ऐकता पुढे पळतात, आणि एक सपोर्ट असतो, जो पडलेल्यांना उठवतो आणि नंतर सर्वांच्या शिव्या खातो. पाचवा राखीव असतो. तो खोलीचे भाडे इतरांइतकेच भरतो, किंबहुना बऱ्याच घरांत त्याला घेतलेले असते ते त्यासाठीच. "पुढच्या स्क्रिमला तुलेच खेळवतो," असे त्याला रोज सांगावे (स्क्रिम म्हणजे ठरवून खेळायचा सरावसामना) आणि तोपर्यंत त्याच्याकडून खिचडी लावून घ्यावी. सकाळी, म्हणजे दुपारी एक वाजता, चौघे उठले की तर्रीपोहे आणायला त्यानेच जावे, गॅस सिलिंडरचा नंबर त्यानेच लावावा आणि रात्री दीड वाजता मालक जिन्यावरून, "काय कल्ला करून राह्यले बे पोट्टेहो?" असे विचारत खाली आला, तर दार उघडायलाही तोच असावा. सहा महिन्यांत त्याचा हात आलू-वांग्याच्या भाजीवर इतका बसतो, की पुढे त्या घरातून कमाईचे कौशल्य घेऊन बाहेर पडलेला तो एकटाच निघण्याचा संभव आहे. हे त्याला सांगू नये.

दिनक्रम कडक ठेवावा. दुपारी उठावे, चार वाजता नेमबाजीचा सराव करावा आणि संध्याकाळी सातपासून स्क्रिम खेळावेत. लॉबीत, म्हणजे एका सामन्यात, सोळा संघ असतात. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, मग पाच, चार, तीन, दोन, एक आणि आठव्याला एक, शिवाय टिपलेल्या प्रत्येक शत्रूमागे एक गुण, असा हिशेब सध्याच्या मोठ्या स्पर्धांत रूढ आहे. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत सर्वांना क्रमांकाचे गुण शून्य. अशी समता तुम्हाला ग्रामसभेतही पाहायला मिळणार नाही. हरलेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग चांगले संघ पुन्हा बसून पाहतात, कोण कुठे चुकले ते वहीत लिहितात आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच चुकीवर काम करतात. तुम्ही हे करू नये, कारण त्यात आयजीएलची चूक दिसण्याचा धोका असतो, आणि खोली त्याच्या मामाच्या ओळखीने मिळालेली आहे. सर्व दोष पिंगला, म्हणजे नेटच्या विलंबाला, द्यावा. मध्यंतरी बंद झालेला बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा प्रौढांना दिवसाला सहा तास आणि अठरा वर्षांखालील मुलांना तीनच तास खेळता येईल अशी मर्यादा त्यावर घालण्यात आली होती. तिचा अर्थ एवढाच घ्यावा, की एका खेळाडूला दोन खाती लागतात आणि दुसरे खाते आजोबांच्या मोबाईल नंबरावर काढता येते.

प्रकृतीची काळजी करणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवावे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, पण झोन आवळत असताना वीस सेकंद भिंतीकडे पाहणाऱ्याला संघात ठेवता येत नाही, आणि खोली दहा फुटांची आहे. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली तर ती मेहनतीची खूण समजून तिचा फोटो स्टोरीला टाकावा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जागा दिली असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला वरचे स्थान देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी त्याची तीन लक्षणे दिली आहेत. वाचताना आपल्या घराची नियमावलीच कोणीतरी चोरून नेल्यासारखे वाटते. परंतु घाबरण्याचे कारण नाही. निदान करण्यासाठी ही लक्षणे साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात, आणि आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो.

आता पैशाचे. दोन-चार महिन्यांत एखादा व्यवस्थापक तुम्हाला शोधत येईल. त्याचे वय एकवीस असेल, कपाळावर गॉगल असेल आणि त्याच्याकडे करार असेल, ज्यात बक्षिसातला त्याचा वाटा टक्क्यांत आणि तुमचे मानधन भविष्यकाळात लिहिलेले असेल. न वाचता सही करावी. तुम्ही अठरा वर्षांचे झाला नसाल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तुमच्या सहीला अर्थ नाही, म्हणून तो वडिलांची सही मागेल. ती पीक कर्जाच्या कागदांसोबत खपून जाते. कोटीचे बक्षीस असलेली स्पर्धा आपल्या देशात झाली आहे, बीजीएमआयची २०२१ ची मोठी स्पर्धा एक कोटीचीच होती, म्हणून तो आकडा चौघांत भागून पंचवीस लाखांचे ट्रॅक्टर, बोअर आणि स्लॅब असे नियोजन पहिल्याच आठवड्यात करून टाकावे. ऑनलाइन खेळातल्या कमाईवर तीस टक्के कर लागतो, तो वजा करायला विसरू नये. नियोजन कसे काटेकोर असावे. प्रत्यक्षात तुम्ही पन्नास-पन्नास रुपये भरून रात्रीच्या लहानसहान सामन्यांत उतराल आणि कधी दोनशे जिंकाल. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा नवा कायदा झाला, त्यात पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. तुमचे पन्नास रुपये यांपैकी कशात मोडतात, हे सामना भरवणाऱ्याला विचारून पाहावे. तो तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकेल.

खेळच बंद पडला तर काय, अशी शंका आई काढते. तिला इतिहास सांगावा. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो खेळ भारतासाठी नवे नाव घेऊन आला, २८ जुलै २०२२ रोजी ॲपच्या दुकानांतून पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. एका अधिसूचनेने उत्पन्न जाते आणि दुसऱ्या अधिसूचनेने येते, ही व्यवस्था कापसाच्या आयातशुल्काकडे डोळे लावून बसणाऱ्या घराला नवी नाही. आई गप्प बसेल. वडील ऐकत असले तर तेही यावर काही बोलणार नाहीत.

दिवाळीला घेतलेले घर पुढच्या दसऱ्याच्या सुमारास सोडावे लागते. एलईडीच्या पट्ट्या काढताना भिंतीचे पोपडे निघतात, त्यामुळे अनामत रक्कम रंगकामात जिरली असे मालक सांगेल, त्यावर वाद घालू नये. तो त्याच आठवड्यात खोल्या पोलीस भरतीच्या मुलांना देतो, आणि तुमच्या दोन गेमिंग खुर्च्या त्यांच्या अभ्यासिकेसाठी पडत्या भावात ठेवून घेतो. फोन अठरा हप्त्यांवर घेतला असेल तर अकरा फेडून झालेले असतात आणि सात उरतात. सुदैवाने दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून निघतात, तेव्हा ते मोजे कामी येतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे तेथे नवव्या क्रमांकालाही पैसे देतात; सवय नसल्याने सुरुवातीला थोडे चमत्कारिक वाटेल.