एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : पंपाबद्दल चूक आमची, जंपर वायरबद्दल नाही

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय, "दोनदा आले. तेल बदललं, फिल्टर साफ केला, मग म्हणाले पंप गेला. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने अर्ध्या तासात कॉन्टॅक्टर बदलून फोर्कलिफ्ट चालू करून दिली. नुसते पैसे काढतात." (कॉन्टॅक्टर म्हणजे पंपाच्या मोटरला वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच.) उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी दोन्ही व्हिजिटची जॉब कार्डं काढली आणि तुमच्याकडे आलेल्या आमच्या मेकॅनिक मुलाला समोर बसवून सगळं विचारलं.

पंपाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. रिकामे फोर्क झरझर वर जातात आणि लोड घेतला की मास्ट (फोर्क वर नेणारा उभा सांगाडा) अर्ध्यावर रेंगाळतो, या लक्षणाची कारणं दोन असू शकतात. पंप झिजून तेल आतल्या आत मागे सरकतं, किंवा पंपाच्या मोटरला पुरतं व्होल्टेज मिळत नाही आणि ती मंद फिरते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आमच्या मुलाने पहिल्या दिवशी बॅटरी मोजली, ५० व्होल्ट, कार्डावर तसं लिहिलंय. पण ते गाडी उभी असतानाचं. उभ्या गाडीत थकलेली बॅटरीही ठणठणीत दिसते.

मोजायला हवं होतं ते लोड उचलत असताना, थेट मोटरच्या टर्मिनलवर. समजा बॅटरीच्या प्लगला ४६ आणि मोटरवर ३८ आले, तर मधले ८ व्होल्ट कुठेतरी खाल्ले जातायत. मग मीटरचं एक टोक कॉन्टॅक्टरच्या येणाऱ्या बाजूला, दुसरं जाणाऱ्या बाजूला. टिप्स (कॉन्टॅक्टरच्या आत एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे तुकडे) चांगल्या असतील तर तिथे व्होल्टचा काही दशांश भागच दिसतो. दोन-चार व्होल्ट दिसले की टिप्स जळाल्यात, वेगळं उघडून बघायलाही नको. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते 'पंप' हा शब्द तोंडातून निघायच्या आधी व्हायला हवं होतं. दुसऱ्या व्हिजिटला त्याने लोडवर बॅटरीचे सगळे २४ सेल तपासले. म्हणजे मीटर हातात होता, माल फोर्कवर होता, आणि तरी हा गडी कॉन्टॅक्टरपर्यंत पोचला नाही. त्या व्हिजिटचे पैसे आम्ही परत करतोय. पंपाचा अंदाज कानाने लावायची सवय त्याला माझ्यामुळेच लागली, हेही कबूल करतो.

पहिल्या व्हिजिटचे मात्र परत करणार नाही. टाकीत तेलाला साबणासारखा फेस होता, सक्शन होसचा क्लॅम्प ढिला होता, तिथून पंप हवा ओढत होता आणि किंचाळत होता. फिल्टरच्या जाळीवर चिंध्यांचा थर बसलेला. ते काम खरं होतं. एकाच गाडीला दोन दुखणी होती. पहिलं सापडलं आणि आम्ही दुसरं शोधायचं थांबवलं.

आता जंपर वायर. तुमच्या गाडीच्या डिस्चार्ज मीटरमागे (बॅटरी किती उतरली ते दाखवणारा मीटर) एक लाल वायर घातलेली सापडली. बॅटरी साधारण ८० टक्के उतरली की लिफ्ट आपोआप बंद होते, ती सोय या वायरने बाद केलीय. ती आम्ही घातलेली नाही. कार्डावर लिहून तुमच्या सुपरवायझरची सही घेतलीय. बॅटरी उतरलेली असताना माल उचलत राहिलं की व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टरची कॉइल, म्हणजे टिप्स ओढून जोडणारं चुंबक, घट्ट ओढू शकत नाही, टिप्स फडफडतात आणि प्रत्येक फडफडीला ठिणगी पडते. जुन्या टिप्स अशाच जळाल्या असाव्यात असं मला वाटतं. त्यात सात आणि अकरा नंबरचे सेल लोडवर १.७ व्होल्टच्या खाली येत होते, बाकीचे १.९५ च्या आसपास. दुसऱ्या मेकॅनिकने कॉन्टॅक्टर बदलला ते चांगलंच केलं. पण वायर तशीच राहिली तर नवाही त्याच वाटेने जाईल.

सुपरवायझर म्हणाले होते, "रिलीफ व्हॉल्व्ह थोडा आवळून द्या, उचलेल." हा व्हॉल्व्ह तेलाचं प्रेशर ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. आम्ही नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणू. प्रेशर गेज लावल्याशिवाय तो स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका. कमी व्होल्टेजवर फिरणाऱ्या मोटरला त्याने ताकद येत नाही. होस किंवा पॅकिंग मात्र फुटू शकतं, आणि तेव्हा माल वर असतो.

आमच्या जॉब कार्डात आता 'लोडवर मोटर टर्मिनलचं व्होल्टेज' असा रकाना घातलाय. तो रिकामा असेल तर पंप उतरवायला माझी परवानगी नाही.

काढलेला कॉन्टॅक्टर भंगारात गेला नसेल तर ठेवा, मला टिप्स बघायच्यात. लाल वायर काढायला मी स्वतः येईन, त्याचे पैसे नाहीत. त्या दोन सेलचं काय करायचं ते तेव्हाच बोलू. तोवर बॅटरी पूर्ण चार्ज केल्याशिवाय गाडीवर जड माल घेऊ नका.