टोळभैरव होण्यापूर्वी

टोळभैरव ही पदवी सुखासुखी मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्या. तिच्यात एक टोळ आहे आणि एक देव. टोळ एकटा येत नाही, तेव्हा निदान चार जण जमवा, आणि चौघांनाही नेमकं त्याच वेळी घरी काहीतरी काम सांगितलेलं असू द्या. एकट्यानं हिंडलात तर उनाड किंवा रिकामटेकडा यावरच भागवावं लागेल. बाई असाल तर मात्र खटपट नको. संध्याकाळी दोनदा घराबाहेर दिसलात की भटकभवानी. (पुरुषांच्या वाट्याला भैरव, बायकांच्या वाट्याला भवानी. उंडारणाऱ्यांची सोय लावताना भाषेनं देवांनाही सोडलेलं नाही.)

पदवी नकोच असेल तर हातात फाइल धरा. रिकामी चालते. कपाळाला आठ्या घाला, मधूनच घड्याळ पाहा. तोच रस्ता, तेच पाय, पण लोक म्हणतील, “कामात दिसताहेत.”

आकडाही उपयोगी पडतो. जेवणानंतर उगाच फिरणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, कारण आपण त्याला शतपावली म्हणून ठेवलंय. 1965 मध्ये जपानात ‘मानपोकेई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावातच 10,000 पावलं. तेव्हापासून शंभरात कोणाचं भागत नाही. रात्री साडेअकराला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणारा आता वेडा ठरत नाही. त्याची आठशे राहिलेली असतात.

खिसा रिकामा असेल तर मात्र जपून. मुंबईच्या 1959च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकारी ठरायला हात पसरावाच लागतो असं नाही. उपजीविकेचं साधन दिसत नाही, आणि हा भिकेवरच जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत चारचौघांत हिंडलात, तरी पुरे. साधन असायलाच हवं असं नाही, दिसायला हवं. फाइल सोडू नका.

जन्म घेतानाही घराणं पाहून घ्या. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पोटासाठी गावोगाव फिरणारे कितीतरी. कायदा 1952 मध्ये गेला. गावात पाल पडलं की संशयानं बघणं काही गेलं नाही. इकडे रविवारी गड चढणारे छातीवर छापून घेतात : ‘आम्ही भटके!’

तुम्हीही घ्या छापून. बूट तेवढे महागाचे असू द्या.