फळीचे वय

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आजोबांच्या वेळचा, तीन सागवानी फळ्यांचा झोपाळा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची मधली फळी चिरली आणि मिस्त्रीने नवी बसवली. ती इतकी पिवळीधमक निघाली, की दोन सासवांच्या मध्ये हळदीच्या अंगाची नवरी बसल्यासारखे दिसू लागले. रंग जुळेल का, असे विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहब, दस साल ठहर जाइए, अपने आप हो जाएगा." माझी आत्या मात्र दहा दिवसांत ग्वाल्हेरहून येणार होती, आणि तिच्या वडिलांच्या झोपाळ्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. आपल्या राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडी असून १९८४ च्या आगीत जळालेला त्याचा भाग पुन्हा उभारला गेला, तेव्हा नव्या लाकडाला वय चढवणे इंदुराला नवे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून ते पाणी लाकडावर फिरवले, की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होऊन फळी काळपट होते. केळफूल चिरताना विळी काळी पडते, त्यातलाच हा प्रकार. मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी बरणीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. तीन दिवसांनी ती लख्ख होऊन बाहेर आली, कारण ती स्टेनलेस स्टीलची होती आणि न गंजणे हा तिचा धर्मच होता. "निदान घासणी तरी निघाली," एवढेच बायको म्हणाली. मग मी सियागंज बाजार गाठला. गंजलेले खिळे मागितल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे निरखून पाहिले आणि मग कोपऱ्यातला एक विसरलेला डबा काढून त्यातले खिळे मला नव्याच्या भावाने दिले.

टॅनिन कमी पडू नये म्हणून फळीला आधी बिनदुधाच्या कडक चहाचा हात द्यावा लागतो. सहा चमचे पत्ती अर्धा तास उकळत असताना शेजारचे काका वासावर आले आणि मी तो चहा ब्रशाने फळीला पाजत असताना शेवटपर्यंत कपाची वाट पाहत बसले. चहा वाळल्यावर लोखंडाचे पाणी फिरवले, तर काहीच दिसेना. म्हणून दुसरा हात दिला, मग तिसरा. हा रंग हवा लागेल तसा सावकाश चढतो, हे मला सकाळी कळले, तेव्हा फळी तव्याच्या बुडासारखी झाली होती. पॉलिशपेपरने घासून वर जवसाचे तेल लावले, तर ती आणखीच गडद झाली.

आत्या आली ती थेट झोपाळ्यावर बसली. तिने मधल्या फळीवरून बराच वेळ हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. "अण्णांची एवढी एकच राहिली का रे?" ती म्हणाली. "बाकीच्या दोन कधी बदलल्यास?"

मी बायकोकडे पाहिले. ती चहा टाकायला म्हणून आत गेली होती आणि पत्तीचा डबा उपडा करून मला दाखवत होती.