रॉबसन यांची मधली नऊ वर्षं

इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर बॉबी रॉबसन यांचं नाव निघालं की बहुतेकांना दोनच चित्रं आठवतात. एक 1990 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, तुरिनमध्ये पेनल्टीवर हरलेलं इंग्लंड आणि त्याच संघातल्या गॅस्कॉइनचे भरलेले डोळे. दुसरं, न्यूकॅसल क्लबच्या डगआउटमधले, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरचे, पांढऱ्या केसांचे सर बॉबी. या दोन चित्रांच्या मधे तब्बल नऊ वर्षं आहेत आणि ती "मग ते परदेशात होते" एवढ्यावर उरकली जातात. मला हे फार खटकतं. माझं तर मत आहे की त्यांचं सगळ्यात मोठं काम त्याच नऊ वर्षांत झालं. आधी इप्सविच क्लबला यूएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा करंडक, मिळवून दिला ते धरूनसुद्धा.

मुळात ते बाहेर गेले कसे ते बघा. वर्ल्ड कपच्या आधीच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने करार वाढवणार नाही हे त्यांच्या कानावर घातलं होतं. मग त्यांनी पीएसव्ही आइंडहोव्हन या डच क्लबशी बोलणी केली. ही बातमी फुटली आणि इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी त्यांना गद्दार ठरवलं! ज्याला दार दाखवलंय त्याने दुसरीकडे सोय बघितली तर त्यात गद्दारी कसली? डरहॅमच्या खाणकामगाराचा मुलगा, पोरवयात स्वतः खाणीवर इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला माणूस. 57 व्या वर्षी बॅग भरून नेदरलँड्सला गेला आणि दोन वर्षांत दोनदा लीग जिंकला. पहिल्या वर्षी पीएसव्ही आणि आयाक्सचे गुण सारखे होते, गोलफरकावर निकाल लागला. युरोपियन स्पर्धांमध्ये मात्र जमलं नाही, आणि क्लबने निरोप दिला.

मग पोर्तुगालचं लिस्बन. 1992, स्पोर्टिंग क्लब. इथे मला जरा थांबावंसं वाटतं.

मॅनेजरकडे हत्यार एकच असतं, बोलणं. हाफटाइमची पंधरा मिनिटं मिळतात. त्यात कुणाला झापायचं, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा, कुणाला एका वाक्यात चूक दाखवून द्यायची. आता हेच सगळं दुसऱ्याच्या तोंडून करायचं अशी कल्पना करा. तुम्ही चिडून बोलताय, पण खेळाडूपर्यंत ते पोचतंय दुसऱ्याच्या आवाजात, थोडं उशिरा, थोडं निवलेलं. रॉबसन यांना पोर्तुगीज येत नव्हतं. त्यांच्या दिमतीला क्लबने एक तिशीला टेकलेला दुभाषी दिला, जोझे मोरिन्यो. दुसरा कोणी असता तर त्याने दुभाष्याला दुभाष्याच्याच जागी ठेवलं असतं. रॉबसन त्याच्याशी डावपेचांवर बोलू लागले, प्रतिस्पर्धी संघांचा अभ्यास त्याच्यावर सोपवू लागले. हाच मोरिन्यो पुढे जगातल्या नावाजलेल्या मॅनेजरांपैकी एक झाला. पण परक्या गावात भाषेसाठी ज्याच्यावर अवलंबून राहावं लागतं, त्याच माणसाला शिकवून मोठं करायला मन किती मोठं लागत असेल!

डिसेंबर 1993 मध्ये स्पोर्टिंग लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. यूएफा कपमध्ये साल्झबुर्गविरुद्ध घरच्या मैदानावर 2-0 जिंकले होते, परतीच्या सामन्यात जादा वेळेत 3-0 हरले. झालं, अध्यक्षांनी रॉबसन यांना काढून टाकलं. टेबलमध्ये वर असलेल्या संघाचा मॅनेजर एका रात्रीत बेकार! परदेशात काम करणाऱ्याचं हेच होतं. त्याची बाजू घेणारं जुनं माणूस क्लबमध्ये नसतं, पत्रकारांत ओळखी नसतात, आणि त्याच्यासाठी गळा काढणारे जुने चाहतेही स्टँडमध्ये नसतात. एक वाईट रात्र पुरते.

काही आठवड्यांतच पोर्तुगालच्याच पोर्टो क्लबने त्यांना बोलावलं. त्याच मोसमात पोर्टोने पोर्तुगीज कपची फायनल जिंकली, समोर होता स्पोर्टिंग. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं लीग पोर्टोकडे. स्पोर्टिंगला 1982 नंतरचं पुढचं लीग विजेतेपद मिळायला 2000 साल उजाडलं. मला स्पोर्टिंगच्या तेव्हाच्या अध्यक्षांबद्दल अजूनही राग आहे, लपवत नाही.

पोर्टोमध्येच त्यांना कॅन्सरने गाठलं. 1995 मध्ये चेहऱ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली, मोसमाची सुरुवात हुकली, आणि ते परत येऊन पुन्हा लीग जिंकले. याच शहरात ते राहायचे त्या इमारतीत एक शाळकरी पोरगा राहत होता. पोर्टोचा स्ट्रायकर दोमिंगोसला संघात का घेत नाही, असं विचारणारी चिठ्ठी त्याने थेट रॉबसन यांच्या टपालपेटीत टाकली. तुम्ही काय केलं असतं? रॉबसन यांनी त्याला बोलावून घेतलं, आकडेवारी काढून आण म्हणाले आणि पुढे इंग्लंडमध्ये कोचिंगचा कोर्स करायला मदत केली. तो पोरगा म्हणजे पुढे मॅनेजर झालेला आंद्रे व्हिलास-बोआस. 2011 मध्ये त्याने पोर्टोलाच युरोपा लीग जिंकून दिली.

1996 मध्ये बार्सिलोना. आधीचे मॅनेजर क्रॉइफ यांना आठ वर्षांनी काढलं होतं आणि त्या खुर्चीत बसायचं होतं. रॉबसन यांनी हट्ट धरून पीएसव्हीकडून रोनाल्डोला आणवलं, ब्राझीलचा, विशीतला. 49 सामने, 47 गोल. कॉम्पोस्टेलाविरुद्धचा तो गोल जरूर बघा. स्वतःच्या अर्ध्यातून निघतो, जर्सी ओढतात, पायात पाय घालतात, तरी हा पळतोच आहे. आणि गोल झाल्यावर कॅमेरा रॉबसन यांच्यावर जातो. दोन्ही हात डोक्यावर. चाळीसहून जास्त वर्षं फुटबॉलमध्ये घालवलेला माणूस, आणि चेहरा अगदी पहिल्यांदा मॅच बघायला आलेल्या पोरासारखा.

मार्च 1997 मध्ये कोपा देल रेमध्ये, म्हणजे स्पेनच्या कप स्पर्धेत, अ‍ॅटलेटिकोविरुद्ध हाफटाइमला 0-3 मागे होते. सामना 5-4 जिंकले. त्या मोसमात स्पॅनिश सुपर कप, कोपा देल रे, कप विनर्स कप असे तीन करंडक आले. लीगमध्ये 102 गोल केले आणि दोन गुणांनी रियल माद्रिदच्या मागे राहिले. एवढं करून मोसम संपल्यावर मॅनेजरची जागा व्हान गालना मिळाली, आणि रॉबसन यांना मैदानावरून उचलून ऑफिसात बसवलं.

त्यांनी त्यावर तमाशा केला नाही. वर्षभर क्लबसाठी खेळाडू हेरत फिरले. 1998 मध्ये पीएसव्हीने एका मोसमासाठी विचारलं, तेव्हा वय होतं 65. बॅग भरली आणि पुन्हा आइंडहोव्हनच्या मैदानावर हजर.