इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला बे?

अशोक चौकातल्या टपरीवर काल मल्लूच्या कॉम्प्युटरवरनं जुंपली. गड्यानं नवा इन्व्हर्टर बसवला आणि दोन-दोन कशाला म्हणून जुना यूपीएस (लाईट गेली की पीसीला क्षणात बॅटरी देणारा डबा) माळ्यावर टाकला, आता लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतोय आणि चादरींचं बिलिंग निम्म्यात उडतंय.

सिद्धू म्हणला, "होणारच की. इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला वेळ लागतोय. पंख्याला कळत पण नाही, पण पीसीच्या एसएमपीएसमधी, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, 15-20 मिलिसेकंदाचा दम असतोय, तेवढ्यात सप्लाय आला नाही की संपला विषय."

"मग इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण शोभेला दिलंय का बे?" आप्पा उसळलाच. ह्यात आप्पाचं बरोबर आहे, माझ्या मते निम्म्या घरात ते बटण कुणी बघतच नाही. यूपीएस मोडवर बदल झटकन होतो, पण व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर उडी मारतो, आणि मल्लूकडं शेजारी लूम, व्होल्टेज सारखं वर-खाली, म्हणजे दिवसभर टक-टक आणि लाईट खरंच जाईल तेव्हा बॅटरी निम्मी.

"मग यूपीएस परत लावतो, इन्व्हर्टरच्या पुढं," मल्लू.

"इन्व्हर्टर साईन वेव्ह हाय का स्क्वेअर?" सिद्धूनं विचारलं. साईन वेव्ह म्हणजे घरच्या लाईनसारखा गुळगुळीत सप्लाय, स्क्वेअर म्हणजे झटके देत येणारा.

गडी गप. पंखा घूं घूं करतोय म्हणला, म्हणजे स्क्वेअरच असणार. असल्या सप्लायला बरेच यूपीएस खराब लाईनच समजतात आणि आपल्या 7 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) चिमुकल्या बॅटरीवर जातात, मग थोड्या वेळात बीप बीप करून बंद, आणि मागं 150 एएचची बॅटरी भरलेली तशीच. साईन वेव्ह असता तर दोन्ही मिळून मस्त चाललं असतं.

आप्पाचा हिशोब वेगळाच, 150 एएच गुणिले बॅटरीचे 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-तास, पीसी 150 वॅटचा, बारा तास फिक्स! सिद्धू हसला, "ते 150 एएच वीस तास हळूहळू काढल्यावरचं असतंय, त्यात इन्व्हर्टर स्वतः खातोय, वर दोन पंखे. चार-पाच तास निघाले तरी लई झालं."

एवढं झाल्यावर मल्लू हळूच म्हणतोय, लेझर प्रिंटर पण त्याच बोर्डावर हाय. अरे, प्रिंट मारताना त्याचा हीटर पाचशे वॅटच्या वर ओढतोय! प्रिंटर आधी काढ, मग बटण बघ, असं सांगून पाठवलाय.