वहीतल्या ताना आणि लाइप्झिगचे आकडे

माझी मामेबहीण मिरजेला पंचवीस वर्षं गाणं शिकवते आहे. गेल्या महिन्यात फोनवर ती कळवळून बोलत होती. "अगं, विशारदला बसलेल्या मुली यमनच्या ताना वहीतून पाठ करून येतात. कुठल्या मात्रेवरून उचलायची तेसुद्धा लिहिलेलं. मध्येच एक स्वर विसरला की गाणंच थांबतं!" मग घरच्या ग्रुपवर जुना वाद नव्याने सुरू झाला. काहींच्या मते भातखंडे-पलुस्करांनी गाणं कागदावर आणलं तिथेच त्याचा जीव गेला. बाकीचे म्हणाले, कागदावर आणलं नसतं तर कितीतरी चिजा गाणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या. एका गोष्टीवर मात्र सगळे एकमत: पाश्चात्त्यांचं सगळं लिहिलेलं असतं, आपलं गाणं उपजेचं, म्हणजे आयत्या वेळी सुचणारं.

मी अकरा वर्षं जर्मनीत लाइप्झिगमध्ये राहते. योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराने 1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत जिथे काम केलं, त्या थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या गायनाला जाऊन बसते. ते एकमत मला इथून मान्य होत नाही. निदान बाखच्या काळापुरतं, म्हणजे साधारण 1600 ते 1750 या बरोक काळापुरतं, ते खरं नाही.

ऑर्गन शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने मला पहिल्यांदा बासो कंटिन्युओचं पान दाखवलं. पानावर खर्जाची एकच ओळ आणि तिच्याजवळ बारीक आकडे: 6, 7, 4, 3. उजव्या हातासाठी काहीच नाही. "मग उजव्या हाताने काय वाजवायचं?" मी विचारलं. "ते माझं मी ठरवायचं," ती म्हणाली. 6 आकडा एवढंच सांगतो की खालच्या स्वरापासून तिसरा आणि सहावा स्वर घे. ते एकदम दाबायचे की एकेक उलगडायचे, किती भरायचं, गाणारा श्वास घेतो तिथे हात कसा हलका करायचा, हे सगळं त्या क्षणी, त्या गाणाऱ्याकडे कान देऊन. याला आपल्याकडे संगत म्हणतात. त्या दीडशे वर्षांतलं बहुतेक समूहसंगीत या आकड्यांवर उभं आहे. खर्जाची ओळ चेलोवर आणि तिच्यावरचं भरणं हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा लांब मानेच्या थिऑर्बो या तंतुवाद्यावर.

गाण्यातही तेच. 'दा कापो' आरिया या एकट्याने गायच्या गाण्यात पहिला भाग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. हा परत आलेला भाग गायकाने जसाच्या तसा गायला तर श्रोते नाराज होत. तिथे त्याने आपल्या गळ्याचं काही घालायचं असे. इटालियन संगीतकार कोरेल्लीचे व्हायोलिन सोनाटा 1700 साली रोममध्ये छापले गेले, त्यांतल्या संथ भागांत मोजके लांब स्वर आहेत. ते तेवढेच वाजवणारा माणूस त्या काळी कच्चा ठरला असता. शाकोन्न हा प्रकार तर मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तबल्यामागे फिरत राहणारा लेहराच आठवला: खाली छोटा आराखडा फिरत राहतो, वर एकामागून एक नवं येत राहतं. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला शाकोन्न असा चौदा-पंधरा मिनिटं चालतो. राग तिथे नाही, त्यांचा पाया अनेक स्वर एकत्र वाजण्याचा आहे, त्यामुळे हे साम्य फार ताणू नये. पण कागद आणि कलाकार यांनी काम वाटून घेण्याची रीत ओळखीची आहे.

आमच्या ग्रुपवरचा वादसुद्धा इथे होऊन गेला आहे. 1737 साली योहान आडोल्फ शाइबे या टीकाकाराने बाखवर आक्षेप घेतला की हा माणूस प्रत्येक बारीक अलंकार स्वरांत लिहून काढतो, वाजवणाऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही. पुढच्या वर्षी बाखच्या बाजूने लाइप्झिगच्या बिर्नबाउम या अध्यापकाने उत्तर दिलं: अलंकार कुठे आणि कसा घ्यावा हे फार थोड्यांना कळतं, म्हणून रचनाकाराने योग्य रीत लिहून ठेवणं चुकीचं नाही. दोघांचंही मला पटतं. पण बाखचं घर आठवलं की मी बिर्नबाउमकडे थोडी जास्त झुकते. 1720 मध्ये थोरला मुलगा नऊ वर्षांचा असताना बाखने त्याच्यासाठी वही घातली आणि सुरुवातीलाच अलंकारांच्या खुणा कशा वाजवायच्या त्याचा तक्ता लिहून दिला. वही होती, आणि ती लिहिणारा बाप घरातच शिकवायला होता. धाकट्या कार्ल फिलिप इमानुएलने पुढे लिहून ठेवलं की वडिलांखेरीज आपल्याला दुसरा गुरू नव्हता. घराणं याहून वेगळं काय असतं?

नंतर वाद्यवृंद वाढले, प्रत्येकाचं सगळं लिहून येऊ लागलं आणि कंटिन्युओ मागे पडला. कागद राहिले. त्यांतली मोकळी जागा कशी भरायची हे शेजारी बसून सांगणारी माणसं संपली. व्हिएन्नात 1953 मध्ये निकोलाउस हार्नोनकोर्टने जुन्या वाद्यांचा संच उभारला तेव्हा त्या पिढीला बासरीवादक क्वांट्झचं 1752 चं आणि बाखपुत्र कार्ल फिलिपचं 1753 चं, अशी वादन शिकवणारी पुस्तकं उघडून ही विद्या पुन्हा जुळवावी लागली. दोनशे वर्षांचा खंड. पुस्तकं नसती तर तेवढंही हाती लागलं नसतं.

एका जागी मात्र उपज टिकली: चर्चच्या ऑर्गनवर. दर रविवारी मंडळी गाण्याआधी स्तोत्राची चाल सुचवणारं काहीतरी वाजवावं लागतं, आणि ती गरज कधी थांबली नाही. आजही जर्मनीत चर्चसंगीताच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेत स्तोत्राची चाल घेऊन तिच्यावर आयत्या वेळी रचून वाजवणं हा विषय असतो.

म्हणून वह्या जाळा म्हणणाऱ्या माझ्या काकांशी मी सहमत नाही. नोटेशन वाढवा, सगळीकडे एकसारखं शिकवा म्हणणाऱ्या भाच्याशीही नाही. आपल्या परीक्षेत उपजेची गरजच पडत नाही, दुखणं तिथे आहे. वर्षभर घोटलेले राग, ठरलेल्या बंदिशी, पाठ केलेल्या ताना. मुलीने नवं काही का शोधावं? मी बहिणीला सुचवलं की परीक्षकाने रागातली मुलीला माहीत नसलेली बंदिश दोनदा म्हणून दाखवावी आणि मग पंधरा मिनिटं तिला त्या मुखड्यावर परत परत येऊ द्यावं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी निम्म्या मुली नापास होतील, आणि परीक्षकही घाबरतील. होऊ देत. दोन वर्षं आधी सांगून ठेवा, म्हणजे शिकवण्या बदलतील. वही समोर उघडी असली तरी माझी हरकत नाही.